लेक प्लॅसिडचं सुवर्ण फुकटातलं?
१९८०च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकात, जोडीने करायच्या फिगर स्केटिंगमध्ये, अमेरिकेच्या बॅबिलोनिया-गार्डनर जोडीतल्या गार्डनरच्या मांडीची दुखापत उफाळली, तो सरावातच पडला आणि अमेरिकन जोडीने माघार घेतली, हे खरंच. पण म्हणून १९८०चं सुवर्ण सोव्हिएत स्केटर इरिना रॉडनिनाला ‘फुकटात’ मिळालं, असं जे म्हटलं जातं ते मला पटत नाही. बॅबिलोनिया-गार्डनर १९७९ला जगज्जेते झाले तेव्हा रॉडनिना मैदानात होतीच कुठे? त्या वर्षी फेब्रुवारीत तिला मुलगा झाला होता. त्याआधी १९६९ ते १९७८ सलग दहा विश्वविजेतेपदं तिचीच: पहिली चार जोडीदार उलानोवबरोबर, पुढची सहा झाइत्सेवबरोबर. बाळंतपणानंतर वर्षभरात, तिशीत, तिसरं ऑलिंपिक सुवर्ण. जोडी स्केटिंगमध्ये लिफ्ट (जोडीदार डोक्यावर उचलतो) आणि थ्रो (तो हवेत फेकतो) असतात, साधं काम नाही.

ब्रातिस्लाव्हात १९७३च्या विश्वविजेतेपद स्पर्धेत संगीत बंद पडूनही ती झाइत्सेवबरोबर खेळत राहिली, तो किस्सा सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच्या आदल्या वर्षीची कॅल्गरीची विश्वविजेतेपद स्पर्धा मात्र कुणी काढत नाही. स्पर्धेच्या तोंडावर सरावात ती लिफ्टमधून पडली, डोक्याला मार बसला, दवाखान्यात न्यावं लागलं. तरी उतरली आणि जिंकली. तेही उलानोवबरोबर, जो स्मिर्नोव्हा या दुसऱ्या स्केटरसाठी रॉडनिनाबरोबरची जोडी सोडणार हे तेव्हा ठरल्यातच जमा होतं!