२४-१०५ की २८-२००?

फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेरा बॉडीवर एकच झूम लेन्स ठेवायची तर २४-१०५ मिमी की २८-२०० मिमी, असं तुम्ही विचारलंय. हे आकडे फोकल लेंग्थचे: आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ. बहुतेकांचा कौल २८-२००कडे आहे. मी मात्र आधी खालचं टोक बघेन. २४ आणि २८ मध्ये फरक फक्त ४ मिमीचा वाटतो, पण आडवा कोन साधारण ७४ अंशांवरून ६५ वर येतो. छोट्या खोलीत पाठ भिंतीला टेकली की हे आठ-नऊ अंश फार जाणवतात. लांबचं नंतर क्रॉप करून, म्हणजे फोटो कापून, जवळ आणता येतं. १०५ वरून २०० इतकं क्रॉप केलं तर २४ मेगापिक्सेलमधले साडेसहा उरतात, छोट्या प्रिंटला पुरेसे. फ्रेमबाहेर राहिलेलं मात्र परत आणता येत नाही.

प्रकाशाचं म्हणाल तर टॅमरॉनची २८-२०० खालच्या टोकाला एफ/२.८ देते (एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त), ही तिची मोठी जमेची बाजू. पण २०० ला ती ५.६ वर जाते आणि तिच्यात स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही, बॉडीतल्यावरच भिस्त. सोनीच्या २४-१०५ मध्ये ते आहे, शिवाय एफ/४ शेवटपर्यंत कायम. अर्थात धावणारं मूल स्टॅबिलायझेशनने स्थिर होत नाही, त्याला शटर स्पीडच लागतो.

पक्षी किंवा मैदानी खेळ टिपणार असाल तर माझं ऐकू नका, २८-२००च घ्या. नाहीतर तुमच्या जुन्या फोटोंची फोकल लेंग्थ एकदा तपासा. माझे बहुतेक फोटो ३५ ते ७० मधलेच निघाले!