पर्सिक्यूशनला मराठीत काय म्हणायचं? छळ, सतावणूक, दडपशाही की आणखी काही

फोंडावाली:
नमस्कार मंडळी. १० डिसेंबरला मानवी हक्क दिन, आम्ही काहीजण फोंड्यात छोटी सभा घेतोय आणि तिच्यासाठी मराठीत पत्रक काढायचंय. विषय असा की जे दुसऱ्यांच्या हक्कासाठी उभे राहतात त्यांच्यावरच केसी घालतात, मारहाण होते, बदनामी होते आणि ज्या समाजांसाठी ते बोलतात त्यांच्या वाट्याला तर हे पिढ्यानपिढ्या आलेलं आहे, ते थांबलं पाहिजे. इंग्रजीत पर्सिक्यूशन म्हटलं की झालं. मी 'छळ' लिहिलं तर आमच्यातलाच एकजण म्हणाला हे सासू-सुनेचं प्रकरण वाटतं. 'अत्याचार' म्हटलं की एक घटना घडली आणि संपली असं वाटतं. आपल्या गोव्यातले पेपर 'सतावणूक' लिहितात, शब्द मला जवळचा आहे, पण माणूस कोठडीत मरतो तेव्हा सतावणूक म्हणवत नाही हो. शिवाय ह्यूमन राइट्स डिफेंडर आणि मार्जिनलाइज्ड, या दोन्हींना काय लिहू?

म्हापशाचे मास्तर:
आधी एक घोटाळा टाळा, पत्रकांत कितीदा बघितलाय. प्रॉसिक्यूशन म्हणजे खटला चालवणं, पर्सिक्यूशन वेगळं. पण खरी गोष्ट अशी की आता पहिल्याचाच दुसरा होतो. फादर स्टॅन स्वामी झारखंडात आदिवासींच्या जमिनीसाठी काम करायचे, ८ ऑक्टोबर २०२० ला रांचीत अटक झाली तेव्हा वय ८३, पार्किन्सनने हात थरथरायचे, पाणी प्यायला सिपर मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला गेले तेव्हा खटला सुरूसुद्धा झाला नव्हता. त्यांच्यावर लावलेल्या यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या ४३ड(५) कलमात आरोप वरवर खरा वाटला तरी जामीन अडतो, म्हणजे दोषी ठरवायची गरजच नाही, वर्षं तशीच जातात. याला खटला म्हणायचं की छळ ते तुम्हीच बघा.
आणि छळ कोणाचाही होतो, पर्सिक्यूशन मात्र तू अमुक आहेस किंवा अमुक बोलतोस म्हणून होतं. १९५१ च्या निर्वासितांच्या करारात कारणं दिलीत, वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट, राजकीय मत. भारताने त्या करारावर सही केलेली नाही, पण व्याख्या कामाची आहे. हे 'म्हणून' मराठी शब्दात कुठे येतं ते शोधा.

वसईहून मडगावात:
ताई, छळ सोडू नका. मराठी बायबलमध्ये डोंगरावरच्या प्रवचनात हाच शब्द आहे, नीतीसाठी ज्यांचा छळ झाला ते धन्य. दमास्कसच्या वाटेवर शौलाला आवाज येतो तिथेही 'माझा छळ का करतोस' असंच आहे. आमच्या घरात लहानपणापासून छळ म्हणजे श्रद्धेसाठी सोसलेलं, कधी सासू-सुनेचं वाटलंच नाही. आणि वारकऱ्यांकडे बघा ना, ज्ञानेश्वर आणि भावंडांचा छळ, चोखोबांचा छळ, तुकारामांचा मंबाजीने केलेला छळ, सगळीकडे हाच शब्द. मास्तरांचं 'म्हणून' यातच आहे, संन्याशाची पोरं म्हणून, महार म्हणून, शूद्राने अभंग रचले म्हणून. 'विवाहितेचा छळ' हे पेपरच्या बातम्यांनी डोक्यात बसवलंय. त्या बायकांचं दुःख तरी लहान कुठे आहे.

जुने पणजीकर:
पोर्तुगीजमध्ये पर्सेगीर म्हणजे पाठलाग करणं आणि छळणंही, एकच क्रियापद. लॅटिनपासून तसंच आलंय, पाठ सोडायची नाही. आपल्याकडे या अर्थाचा नेमका शब्द आहे, ससेमिरा. चौकशीचा ससेमिरा, नोटिसांचा ससेमिरा. पीदेचे, म्हणजे पोर्तुगीज राजवटीच्या गुप्त पोलिसांचे, लोक माणसाच्या मागे कसे लागायचे ते ज्यांनी बघितलंय त्यांना हा शब्द लगेच कळेल. डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी १९५४ मध्ये म्हापशात एका जेवणाच्या समारंभात, कोणीतरी गोवा म्हणजे पोर्तुगाल असं बोलल्यावर, 'मी निषेध करतो' एवढंच म्हटलं. त्यासाठी अटक, मग थेट पोर्तुगालला रवानगी.

सत्तरीतला संस्कृतवाला:
ससेमिरावरून राहवलं नाही. जुनी गोष्ट आहे, वाघाच्या भीतीने झाडावर चढलेल्या राजपुत्राला अस्वल आसरा देतं, आणि तोच राजपुत्र झोपलेल्या अस्वलाला खाली ढकलायला बघतो, मग वेडा होऊन नुसतं स-से-मि-रा करत फिरतो. चार अक्षरं म्हणजे चार श्लोकांची सुरुवात आणि पहिल्या श्लोकाचा अर्थ, विश्वासाने आलेल्याला फसवण्यात कसली हुशारी. तिथे शब्द आहे 'वंचन'. म्हणजे वंचित या शब्दाचा मूळ अर्थच फसवलेला. आणि छळ ज्यातून आला तो संस्कृत 'छल' म्हणजे कपट. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आज आपण वंचित म्हणतो ते 'ज्याला काही मिळालं नाही तो बिचारा' अशा सुरात, आणि कोणी फसवलं हा भाग गळून जातो. उपेक्षित तर त्याहून मऊ, जणू कोणाचं लक्ष गेलं नाही एवढंच. सीमांत नको, ते ऐकलं की अल्पभूधारक शेतकरी डोळ्यासमोर येतो. बाबासाहेबांनी १९२४ ला सभा काढली तिचं नाव बहिष्कृत हितकारिणी, १९२७ च्या पत्राचं नाव बहिष्कृत भारत. बहिष्कृत म्हटलं की विचारावंच लागतं, बहिष्कार घातला कोणी?

केपेंकर:
मी स्वतः वेळीप समाजातला, म्हणून बोलतो. आमच्या गावात कोणी छळ पण म्हणत नाही नि दडपशाही पण नाही, लोक म्हणतात केसी घातल्या. तेवढ्यात सगळं येतं, पोलीस स्टेशनच्या खेपा, बुडालेला रोज, वकिलाची फी, घरच्यांची भीती. गावडा, कुणबी, वेळीप यांना गोव्यात अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला २००३ ला, मुक्तीनंतर चाळीस वर्षं उलटून गेल्यावर. मग त्या दर्जातले हक्क हातात पडावे म्हणून परत रस्त्यावर यावं लागलं, आणि २५ मे २०११ ला बाळ्ळीला मंगेश गांवकर आणि दिलीप वेळीप हे आमचे दोन तरुण जळून गेले. आमच्यासाठी 'वंचित समाज' लिहू नका प्लीज. आमच्याकडे डोंगर होता, झरी होती, काजू होते, ते कोणीतरी घेतलं. वंचितचा तो जुना अर्थ कंसात समजावून सांगणार का पत्रकात? नाही ना, मग सरळ लिहा की यांचं काढून घेतलं. मुंडकारांचं, म्हणजे भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जागेत घर करून राहणाऱ्यांचं पण तसंच, १९७५ चा कायदा आहे, तरी भाटकाराने वाट अडवली, घराची दुरुस्ती करू दिली नाही असं अजून ऐकू येतंच. याला उपेक्षा म्हणतात का?

वसईहून मडगावात:
केपेंकर दादा, पटलं. जिथे समाजाचं नाव घेता येतं तिथे नावच घ्यावं, गावडा, वेळीप, मुंडकार, लमाणी. एक मोठा शब्द घालून सगळ्यांना त्यात कोंबलं की कोणीच दिसत नाही.

म्हापशाचे मास्तर:
डिफेंडरचं राहिलं. हक्करक्षक मला नको वाटतो, रक्षक म्हटलं की आज गेटवरचा सिक्युरिटी आठवतो, आणि दुसरं म्हणजे रक्षक वेगळा नि ज्याचं रक्षण करायचं तो वेगळा असं होतं. कार्यकर्ता हा शब्द पक्षांनी घेऊन टाकला. चळवळ्या तर शिवी म्हणूनच वापरतात. ९ डिसेंबर १९९८ ला संयुक्त राष्ट्रांनी याच विषयावर जाहीरनामा केला त्याच्या नावात डिफेंडर शब्दच नाही, व्यक्ती, गट आणि समाजातल्या संस्था असं आहे. म्हणजे डिग्री नको, संस्था नको, आयकार्ड नको, हक्कासाठी शांततेने उभा राहिलेला कोणीही. शेळ-मेळावलीत २०२१ च्या जानेवारीत आयआयटीच्या जागेची मोजणी अडवायला ज्या बायका पुढे होत्या त्या या व्याख्येत शंभर टक्के बसतात, त्यांच्यातल्या कोणी स्वतःला डिफेंडर म्हटलं नसेल. तेव्हाही केसी झाल्याच, आणि शेवटी सरकारने प्रकल्प तिथून हलवला. म्हणून मी 'हक्कासाठी उभे राहणारे' लिहीन. लांब आहे, पण ऐकणाऱ्याला वाटतं की हे मीही करू शकतो.

जुने पणजीकर:
मान्य. आणि 'छळ होतो' असं कर्त्याशिवाय लिहू नका. होतो म्हटलं की पाऊस पडतो तसं वाटतं. करतात लिहा, कोण करतात तेही लिहा.

फोंडावाली:
सगळ्यांचे आभार, खरंच. आत्ता असं केलंय, बघा:
"हक्कासाठी उभे राहणाऱ्यांवर सरकार आणि पैसेवाले खोट्या केसी घालतात, गुंड पाठवतात, जामीन अडवून वर्षानुवर्षं आत ठेवतात. गावडा, कुणबी, वेळीप, मुंडकार, लमाणी यांची जमीन, घर, धंदा काढून घेतात आणि बोलणाऱ्याच्या मागे ससेमिरा लावतात. हा छळ आहे. तो थांबवा, केसी मागे घ्या."
छळ ठेवला, आधी काय काय करतात ते सांगून मग. सतावणूक काढला, मास्तर तुमचं स्टॅन स्वामींचं वाचल्यावर मनच झालं नाही ठेवायचं.

केपेंकर:
बरं झालंय. 'खोट्या केसी' मधलं खोट्या काढा बाय. कलम खरं असतं, रस्ता अडवला हे पण खरं असतं, मग ते म्हणतात दाखवा खोटी कुठे आहे. 'तोंड बंद करायला केसी घालतात' लिहा. आणि बाळ्ळीची तारीख नि दोघांची नावं वर घाला. कोंकणी मजकूर मी उद्या रात्रीपर्यंत देतो, पण लमाणी लोकांना द्यायला कन्नडमध्ये पण पाहिजे, बायणा आणि झुआरीनगरच्या बाजूला वाटायचंय. इथे कोणाला कन्नड येतं?