टीबीचे पेशंट शोधायला छोट्या स्थानिक प्रयोगांना पैसे द्यावेत का?

निशिगंध:
२०२३ मध्ये जगात अंदाजे १ कोटी ८ लाख लोकांना टीबी झाला, निदान होऊन नोंद झाली ती साधारण ८२ लाखांची. बाकीचे कुठेतरी घरात खोकतायत. म्हणून मला टीबी रीच हा फंड पटतो, २०१० ला कॅनडाच्या पैशावर सुरू झाला, तुमच्या भागातले पेशंट कसे शोधायचे ते तुम्हीच सुचवा म्हणतो. इथिओपियात सिदामा भागात गावातल्या आरोग्यसेविकांनी घरोघरी बेडका गोळा केला, स्लाइड तिथेच बनवल्या आणि मोटरसायकलवरून लॅबला पोचवल्या, पेशंटला मैलोन्मैल चालायलाच लागलं नाही. बेडक्यात जंतू सापडलेल्या पेशंटच्या नोंदी लाखामागे ६४ वरून १२७ वर गेल्या!

जुनं खोड:
नोंदी वाढल्या म्हणून टीबी घटला असं होत नाही हो. झांबिया आणि दक्षिण आफ्रिकेत झामस्टार म्हणून मोठा अभ्यास झाला, २०१३ ला निकाल आले, वस्त्यांमध्ये बेडका गोळा करूनही टीबीचं प्रमाण हललं नाही. आणि टीबी रीचची सुरुवातीची अनुदानं वर्षभराची, पैसे संपले की मोटरसायकल बंद, मग त्या गावानं काय करायचं? त्यापेक्षा सरकारी लॅबमध्ये कायमचा टेक्निशियन द्या.

रानवारा:
झामस्टारमध्ये भिस्त मायक्रोस्कोपवर होती ना, मिलीलीटरमागे ५ ते १० हजार जंतू असल्याशिवाय त्यात दिसत नाहीत. व्हिएतनामच्या का माऊ प्रांतात तीन वर्षं दरवर्षी प्रौढांकडे जाऊन, खोकला असो नसो, जमेल त्याचा बेडका घेऊन एक्सपर्ट (Xpert) नावाच्या, जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या मशीनवर तपासला. जिथे हे केलं नाही त्या वस्त्यांपेक्षा टीबी ४४ टक्के कमी निघाला.

जुनं खोड:
तीन वर्षं! मी तेच म्हणतोय.

निशिगंध:
मुदत वाढवा, त्याला माझाही पाठिंबा. पण नुसत्या टेक्निशियननं भागणार नाही. मी लॅबमध्येच काम करते, डबी उघडली की कितीदा नुसती लाळ असते, रिपोर्ट निगेटिव्ह जातो आणि माणूस निर्धास्त होऊन घरी. दोन-तीन खोल श्वास घ्या, मग छातीतून खोकून काढा, हे समोर बसून सांगणारी बाई लागते, ती त्यांची भाषा बोलणारी, ओळखीची असली की लोक लाजत नाहीत. तिचा पगार कुठल्या बजेटमधून काढायचा ते सांगा.

जुनं खोड:
सरकारीच. पहिल्या दिवसापासून निम्मा तरी, नाहीतर प्रयोग मंजूरच करू नये.