मासळीतलं प्लास्टिक विष वाहून नेतं, की हा नुसता बागुलबुवा?

खाडीकर:
माशांच्या पोटात मायक्रोप्लास्टिकचे किती कण सापडले, याच्या बातम्या सारख्या येतात. त्या कणांबरोबर काय आत जातं, यावर मात्र कुणी बोलत नाही. टोकियोच्या उपसागरात पॉलिप्रॉपिलीनचे दाणे ठेवले तर ते पाण्यातले पीसीबी (विजेच्या जुन्या उपकरणांतली विषारी रसायनं) आणि डीडीटी या कीटकनाशकापासून बनणारं डीडीई खेचून घेतात, हे जपानी संशोधक हिदेशिगे ताकादा यांच्या गटाने २००१ मध्येच दाखवलं. दाण्यांवरचं प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या लाखपटीच्या घरात होतं. २०१३ मध्ये संशोधक चेल्सी रॉकमन यांच्या गटाने अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या खाडीत तीन महिने भिजलेलं पॉलिथिन मेडाका या छोट्या जपानी माशांना चारलं. त्यांच्या यकृतावर ताणाच्या खुणा उमटल्या, कोरं प्लास्टिक खाल्लेल्या माशांपेक्षा ठळक. मत्स्यशेतीत तर दोर, जाळी, तरंगे सगळंच प्लास्टिकचं. तिथल्या मासळीत नुसते कण मोजून भागणार नाही, रसायनं तपासा.

जुना_केमिस्ट:
साफ असहमत. त्या मेडाकांच्या खाद्यात १० टक्के प्लास्टिक होतं. समुद्रातला कुठला मासा एवढं गिळतो? आणि लाखपट ती पाण्याच्या तुलनेत. प्लवकांच्या (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या) आणि छोट्या माशांच्या चरबीतही पीसीबी असंच साठतं, आणि मासा दिवसभर खातो तेच. युरोपियन अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये हिशेब मांडला: २२५ ग्रॅम शिंपल्यांत ७ मायक्रोग्रॅम प्लास्टिक, आणि बाकी सगळं वाईटात वाईट धरलं. तरी आहारातून येणाऱ्या एकूण पीसीबीत भर पडते ०.००६ टक्क्यांहून कमी.

खाडीकर:
बाहेरून चिकटणाऱ्या रसायनांचा तुमचा हिशेब मान्य. कारखान्यातच घातलेल्यांचं काय? दक्षिण कोरियात कालवांची शेती वर्षानुवर्षं थर्माकोलच्या तरंग्यांवर चालली. त्यांत एचबीसीडी सापडलं. हे आग रोखणारं रसायन, इमारतींच्या थर्माकोलमध्ये घालायचे. समुद्रात तरंगणाऱ्या वस्तूला ते कशाला हवं, देव जाणे! थर्माकोलवर वाढलेल्या शिंपल्यांत ते खडकावरच्या शिंपल्यांपेक्षा जास्त निघालं. याच एचबीसीडीचं नाव २०१३ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे टिकून राहणारी विषारी रसायनं हद्दपार करण्याच्या जागतिक कराराच्या, यादीत गेलं.

सुकट_बोंबील:
आम्ही खाणाऱ्यांनी काय करायचं ते सांगा की. सुरमई-पापलेटची आतडी कोळीण काढूनच देते, त्यामुळे बरेचसे कण तिथेच जातात. पण तिसऱ्या, कालवं आणि जवळा आपण आतड्यासकट खातो.

जुना_केमिस्ट:
तिसऱ्या खुशाल खा, फक्त कुठल्या खाडीतल्या ते विचारून घ्या. सांडपाणी सुटतं तिथल्या शिंपल्यांत जड धातू आणि जंतू आधीच असतात. प्लास्टिकच्या नावाने बोंब मारली की ते सोयीस्करपणे विसरलं जातं, माझा खरा राग त्यावर आहे.
कोरियाचं म्हणाल तर तिथे दोष एका वस्तूत होता आणि ती बदलता आली. २०२३ पासून तिथे कुठल्याही मत्स्यशेतीत थर्माकोलचे नवे तरंगे लावायला बंदी आहे.

टायरवाला:
तुम्ही दोघंही मासा कण गिळतो असं धरून चाललाय. न गिळताही मरतो. अमेरिकेतल्या सिएटलजवळच्या ओढ्यांत अंडी घालायला आलेले कोहो सालमन पाऊस पडला की पटापट मरायचे. कारण कळलं २०२० मध्ये. टायर लवकर तडकू नये म्हणून रबरात ६पीपीडी घालतात. ओझोनशी संयोग होऊन त्याचं ६पीपीडी-क्विनोन बनतं, आणि रस्त्यावरच्या टायरच्या भुग्यातून पावसाबरोबर ओढ्यात उतरतं. लिटरमागे एक मायक्रोग्रॅमसुद्धा लागत नाही.

जुना_केमिस्ट:
बरोबर. आणि त्याच पाण्यात चम जातीचे सालमन मजेत जगतात, हे सांगायचं राहिलं तुमचं. म्हणूनच 'प्लास्टिकचं विष' असं सरसकट बोललं की डोकं फिरतं. कुठलं रसायन, किती आणि कुठल्या जिवात, ते आधी सांगा.

खाडीकर:
अहो, मग तपासल्याशिवाय ते कळणार कसं? पहिल्या पोस्टीत मी दुसरं काय मागितलंय?