मदत हवी आहे: चिवावाचं पिल्लू आणलंय, काय काय लागेल?

वैतागवाडी
काल संध्याकाळी चिवावाचं पिल्लू आणलं, टीकप आहे. पट्टा, शाम्पू, खेळणी घेतली. अजून काय लागतं त्याची यादी द्या पटापट, आज रविवार, दुकान दुपारनंतर बंद होतं. रात्रभर कुंई कुंई करून कोणाला झोपू दिलं नाही. दूध ठेवलंय, नीट पीत नाही. 'कुत्रं का घेतलं', 'देशी का नाही घेतलं' ही भाषणं नकोत, प्लीज.

खारूताई
वय? वजन? आधीच्या ठिकाणी काय खात होतं? शेवटचं पोटभर कधी खाल्लं? कुठल्या गावात आहात? यादी नंतर, आधी एवढं सांगा.

कोपरखळी
टीकप अशी जातच नसते. एफसीआय म्हणजे कुत्र्यांच्या जाती ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, तिच्या मानकात चिवावाचं वजन १.५ ते ३ किलो दिलंय, त्यात टीकप, मायक्रो, पॉकेट असं काही नाही. एक तर कुपोषित पिल्लू, नाही तर वय वाढवून सांगितलेलं, त्यालाच टीकप म्हणून जास्त पैसे लावतात.

तळेगावकर
एवढा बाऊ कशाला? दूधभात द्या, दुधात पोळी कुस्करून द्या. गावाकडची कुत्री त्यावरच वाढतात. गळ्यात पट्टा पहिल्या दिवसापासून घाला, म्हणजे सवय होते.

वैतागवाडी
दोन महिन्यांचं आहे म्हणाला. वजन नाही केलं, ओंजळीत मावतं. नाशिक. सकाळपासून दोन-तीन चमचे दूध प्यायलं असेल. आता झोपलंय. उठवलं तर मान टाकतं, दमलं असणार. बेड गोल घेऊ की चौकोनी?

पिंपळपान
पिल्लं दिवसाचे १८-२० तास झोपतात हो, काळजी करू नका. गोल घ्या.

खारूताई
बेड राहू द्या. वैतागवाडी, आत्ता उठा आणि पिल्लाला हात लावून बघा. कान-पंजे गार आहेत? हिरड्या फिकट आहेत? उभं केलं तर झिंगल्यासारखं डगमगतंय? नुसतं झोपलेलं पिल्लू उचललं की जागं होतं, नाकाशी खाणं धरलं की हुंगतं. मान टाकणं ही झोप नाही. रक्तातली साखर उतरली असावी.

एवढ्याशा जीवाच्या यकृतात साखरेचा साठा नावापुरता असतो. नवी जागा, थंडी, रात्रभर रडणं आणि पोटात काही नाही, एवढ्यावर काही तासांत साखर कोसळते. पुढे झटके येतात.

मध किंवा ग्लुकोज पावडरची घट्ट पेस्ट बोटाच्या टोकावर घ्या आणि ओठ उचलून हिरड्यांवर चोळा. तोंडात ओतायचं नाही, सिरिंजने तर मुळीच नाही. अर्धवट शुद्धीत गिळता येत नाही, फुप्फुसात जातं. मग टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरा. ५-१० मिनिटांत हालचाल दिसली नाही तर पुन्हा चोळा आणि तसंच व्हेटकडे निघा. फोन करून निघा, रविवारी सगळे उघडे नसतात.

पिंपळपान
उगाच घाबरवताय त्यांना.

खारूताई
मध चोळून नुकसान काही नाही, थांबलं तर पिल्लू जाऊ शकतं. ह्यात वाद कसला?

वैतागवाडी
चोळला. कान गारच होते. आता उठून उभं राहिलंय, मागचे पाय जरा लटपटतायत. माझं बोट चाटतंय.

खारूताई
छान. आता लगेच खाणं. मधाने वर आलेली साखर तासाभरात परत उतरते, मधावर थांबू नका. बिनहाडाचं उकडलेलं चिकन बारीक कुस्करून कोमट पाण्यात कालवा, एक-दोन चमचे द्या. आणि आज व्हेटकडे जायचंच. जंत, पार्वो (पिल्लांना उलट्या-जुलाब लावणारा जीवघेणा विषाणू), यकृताचा जन्मजात दोष, ह्यांतही साखर उतरते, ते घरबसल्या कळत नाही.

वैतागवाडी
घरात चिकन शिजत नाही. सासूबाई.

फडताळ
पपी वेट फूडचं, म्हणजे ओल्या खाण्याचं पाकीट आणा, तयार असतं, भांडं विटाळत नाही. पाकिटावर 'पपी' आणि 'स्मॉल ब्रीड' किंवा 'मिनी' बघून घ्या. पुढे ड्राय फूड. ते दाणेही मिनीचेच, मोठे दाणे ह्या जबड्यात मावत नाहीत. पहिले काही दिवस कोमट पाण्यात १५ मिनिटं भिजवून. विकणारा जे खायला घालत होता तेच आठवडाभर चालू ठेवा, मग चतुर्थांश-चतुर्थांश करत बदला. एकदम बदललंत की जुलाब ठरलेले.

प्रमाण विचारणारच, म्हणून: पाऊण किलोच्या पिल्लाला दिवसाला साधारण ४० ग्रॅम कोरडे दाणे, म्हणजे पाच वेळा ८-८ ग्रॅम. शेवटचं रात्री ११ला, पहिलं सकाळी ६ला. त्यापेक्षा मोठा खंड पडू द्यायचा नाही. तीन महिन्यांनंतर चार वेळा करता येईल.

आणि दूधभात बंद. गाईम्हशीच्या दुधातली साखर ह्यांना पचत नाही, पाऊण किलोच्या जिवाला दिवसभर जुलाब झाले तर सलाइनच लागतं. भाताने नुसतं पोट भरतं.

तळेगावकर
आमच्याकडे दोन पिढ्या कुत्री दूधभातावर आहेत.

फडताळ
ती वीस किलोची असतील, तळेगावकर. शिवाय दिवसभर गावात फिरून बाकीचं कमावतात. हे पिल्लू सोफ्याखालून स्वतःहून बाहेर येत नाही.

कोपरखळी
वयाचा पुरावा तोंडात असतो. दोन महिन्यांच्या पिल्लाला दुधाचे सगळे २८ दात बहुतेक आलेले असतात, चिवावात थोडा उशीर धरा. दाढांच्या जागी नुसती हिरडी असेल तर पिल्लू जेमतेम पाच-सहा आठवड्यांचं आहे. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकणं कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७च्या नियमांप्रमाणे चालत नाही. लसीचं कार्ड दिलंय का? त्यावर बाटलीचं स्टिकर आणि बॅच नंबर हवा. नुसतं पेनाने 'व्हॅक्सिन डन' लिहिलं असेल तर लस झालीच नाही असं धरा.

वैतागवाडी
पेनाने लिहिलंय. व्हेटकडे चाललोय. तोवर यादी लिहून ठेवा ना कोणी!!

फडताळ
सगळ्यात आधी किचनचा वजनकाटा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. रोज सकाळी खाण्याआधी वजन करून कॅलेंडरवर लिहा. ह्या वयात आकडा रोज थोडा तरी वर जायला हवा. दोन दिवस अडकला किंवा खाली आला की व्हेट. बाकी कुठल्याही महागड्या वस्तूपेक्षा ह्याचा उपयोग जास्त.

नाशिकची डिसेंबरची थंडी आहे, तेव्हा गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून बिछान्याच्या अर्ध्याच भागात ठेवा. उकडलं की त्याला सरकता आलं पाहिजे. विजेचा पॅड नको, वायर चावतात. बिछाना म्हणजे खोक्यात जुनी गोधडी, दार पुढून कापलेलं, तुमच्या पलंगाशेजारी. रात्रीचं रडणं निम्मं त्यानेच थांबेल.

पाण्याला उथळ बशी. शूचे पॅड ६०×६०, बिछान्यापासून चार हात लांब. आणि खाल्ल्यावर १०-१५ मिनिटांत, झोपेतून उठल्यावर लगेच पॅडवर नेऊन ठेवा. शाम्पू कपाटात ठेवा, ह्या थंडीत आणि ह्या अवस्थेत आंघोळ नको. ओल्या कापडाने पुसा.

कोपरखळी
आणि गळ्याचा पट्टा परत करा. ह्या जातीची श्वासनलिका नाजूक, ओढ बसली की चपटी होण्याकडे कल असतो, मग हंसाच्या ओरडण्यासारखा खोकला. छातीवरून जाणारा हार्नेस घ्या. शिंप्याच्या टेपने पुढच्या पायांमागे छातीचा घेर मोजून न्या. बऱ्याच दुकानांत एक्सएक्सएसही सैल होतो, तेव्हा मांजराच्या पिल्लाचा बघा. पट्टी आणि अंग ह्यांत तुमची करंगळी जावी, दोन बोटं गेली तर हा प्राणी मागे सरकून निसटतो.

तळेगावकर
पट्ट्यावर नाव-फोन लिहिता येतो. हार्नेसवर कुठे लिहिणार?

कोपरखळी
हार्नेसच्या कडीला बिल्ला अडकतो. हलका पट्टा नुसत्या बिल्ल्यासाठी घाला हवा तर, साखळी त्याला लावू नका.

पिंपळपान
आमच्या सोसायटीने कुत्र्यांना लिफ्टबंदी केलीय. असं करता येतं का?

कोपरखळी
धागा कशावर आहे? बरं, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचनांप्रमाणे सरसकट बंदी घालता येत नाही. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचा दाखला हाताशी ठेवा.

वैतागवाडी
आलो. ६२० ग्रॅम. दात पुढचेच आहेत, डॉक्टर म्हणाले सहा-सात आठवडे. ग्लुकोज दिलं, विष्ठेत जंत आहेत, औषध दिलंय, दोन आठवड्यांनी परत. लस वजन जरा वाढलं की. डोक्यावर मध्ये मऊ लागतंय ते विचारायचं राहिलं!

खारूताई
टाळू भरलेली नाही. चिवावात बरेचदा असतं, काहींची मोठेपणीही थोडी उघडी राहते. पिल्लू नीट खात-खेळत असेल तर नुसती जपणूक: तिथे टपली नको, लहान मुलांच्या मांडीवर जमिनीवर बसूनच द्यायचं, सोफ्यावर एकटं ठेवायचं नाही. सोफ्यावरून उडी मारली तरी पुढच्या पायाचं हाड मोडतं ह्यांचं. डोकं घुमटासारखं फुगत चाललं, डोळे बाहेरच्या बाजूला वळले किंवा गोल गोल फिरायला लागलं, तर मात्र लगेच दाखवा.

६२० ग्रॅमला फडताळांचं माप ३५ ग्रॅमच्या आसपास येईल. पण सात आठवड्यांच्या आतलं असेल तर सध्या पाचऐवजी सहा वेळा द्या आणि रात्री दोन-अडीचला एकदा उठा. आठवडाभर तरी.

लस सुरू झाली की दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवड्यांपर्यंत. रेबीज तीन महिन्यांना. शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे जाईपर्यंत रस्त्यावर, सोसायटीच्या बागेत खाली ठेवायचं नाही. पार्वो मातीत महिनोन्‌महिने टिकतो, चपलांबरोबर घरात येतो. चपला दाराबाहेर. फिनेलने तो मरत नाही, ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग, दहा मिनिटं ओलं ठेवून मग पुसायचं, पिल्लू दुसऱ्या खोलीत.

फडताळ
गोचिडांचं औषध दुकानातून परस्पर आणू नका. चघळायच्या बऱ्याच गोळ्या दोन किलोच्या पुढे आहेत, मोठ्या कुत्र्याची पिपेट (अंगावर टाकायच्या थेंबांची नळी) अर्धी करून टाकणं तर विषच. आणि घरात मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा-लसूण, झायलिटॉलचा (साखरेऐवजी वापरतात तो गोडवा) च्युइंगगम खाली पडू देऊ नका. नाशिकात द्राक्षं जपायला सांगतोय, माझी कमाल आहे.

वैतागवाडी
सासूबाई स्वतः पाकीट फोडून भरवतायत. पाकिटावर कोंबडीचं चित्र आहे, त्यांनी चष्मा लावलेला नाही.

मनीमाऊ
हेच पपीचं ड्राय फूड पर्शियन मांजरीला चालेल का? अर्धं पोतं शिल्लक आहे.

फडताळ
नाही. मांजराला टॉरिन हे पोषकद्रव्य खाण्यातूनच मिळावं लागतं, कुत्र्याच्या खाण्यात ते पुरेसं नसतं, पुढे हृदय आणि डोळे जातात. वेगळा धागा काढा आणि वय-वजन आधी लिहा.