‘टोपी घालणारं’ विकर: शब्द सुचवा

ओवी
एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. त्यात आरएनएमटी या मानवी जनुकाची ओळख आहे. अठराव्या गुणसूत्रावरच्या या जनुकावरून ४७६ अमिनो आम्लांचं एन्झाइम तयार होतं आणि त्याचं काम एमआरएनएच्या (प्रथिन बनवण्यासाठी जनुकाचा निरोप नेणाऱ्या आरएनएच्या) टोकावरच्या ‘कॅप’शी असतं. मी लिहिलं, “आरएनएला टोपी घालणारं विकर”. संपादकांनी लाल रेघ मारली. टोपी घालणे म्हणजे फसवणे, वाचकाला वाटेल हे विकर आरएनएला गंडवतं! पण आमच्या घरी “ऊन आहे, टोपी घाल” असंच म्हणतात. काय लिहू?

खलबत्ता
सगळी गोम ‘ला’मध्ये आहे. स्वतः घातली तर ती नुसती टोपी, दुसऱ्या‘ला’ घातली की फसवणूक. बाळाला मात्र टोपडं खुशाल घालावं, तिथे कुणी संशय घेत नाही. ‘टोपण’ घ्या. पेनाचं असतं तसं.

जुनी पाटी
शास्त्रीय मजकुरात टोपण? ‘शीर्षावरण’ म्हणा. आणि ताई, एकाच परिच्छेदात ‘एन्झाइम’ आणि ‘विकर’ दोन्ही कशाला? शाळेच्या पुस्तकात विकर आहे, तेच चालवा. आपण वापरले नाहीत तर हे शब्द मरतील.

पेशीवाला
मी प्रयोगशाळेत काम करतो. तिथे दिवसभर “कॅपिंग झालं का?” असंच चालतं, शीर्षावरण कुणाच्या तोंडी येणार नाही. पण शब्दाआधी वाक्य दुरुस्त करा. आरएनएमटी टोपी घालतच नाही. आरएनएची साखळी जेमतेम वीस-तीस न्यूक्लिओटाइडं (म्हणजे तिच्या कड्या) लांब झाली की आरएनजीटीटी नावाचं दुसरं एन्झाइम तिच्या टोकाचा एक फॉस्फेट काढतं आणि तिथे ग्वानोसिन (ग्वानिन आणि साखर मिळून झालेला घटक) बसवतं, तेही उलट्या तोंडाने, मध्ये तीन फॉस्फेट ठेवून. आरएनएमटी त्यानंतर येतं आणि त्या ग्वानिनच्या सातव्या जागी मिथिल हा छोटासा रासायनिक गट चढवतं. मिथिल नसेल तर रायबोसोमला (पेशीतल्या प्रथिन बनवणाऱ्या यंत्राला) बोलावून आणणारं प्रथिन ती टोपी नीट धरत नाही आणि पुढे प्रथिन बनणंच अडतं. म्हणून ‘टोपणावर मिथिल चढवणारं’ असं लिहा. हे मिथिल १९७५ साली विषाणूंच्या आरएनएवर सापडलं, मग आपल्या पेशींतही.

रानवारा
मला ‘शेंबी’ आठवली. आजोबांच्या काठीच्या टोकाला पितळेची शेंबी होती. एका पावसाळ्यात ती निघाली आणि कुठे पडली ते कळलंच नाही. दिवाळीपर्यंत काठीचं टोक फुटून त्याचा कुंचा झाला, आजोबा टेकले की फरशीवर कुसळं पडायची. टोकाकडून आरएनए कुरतडणारी विकरं असतात असं वाचलंय, ती हेच करतात ना?

पेशीवाला
अगदी हेच! टोपण काढणारं एन्झाइमही आहे, डीसीपी२. त्याने ते काढलं की आरएनए टोकाकडून खाल्ला जातो.

खलबत्ता
म्हणजे काढता येतं! मग टोपणच. शेंबी काही रोज काढत-घालत नाहीत. शिवाय शेंबी काठीच्या खालच्या टोकाला, आणि ही कॅप आरएनएच्या सुरुवातीला.

रानवारा
टोपणही या आरएनएवरून काढून त्या आरएनएवर घालत नाहीत.

पेशीवाला
फ्लूचा विषाणू घालतो की. आपल्या पेशीतल्या आरएनएचं टोपण शेजारच्या दहा-तेरा न्यूक्लिओटाइडांसकट तोडतो आणि त्याच तुकड्यापासून स्वतःचा आरएनए सुरू करतो.

जुनी पाटी
म्हणजे खरी टोपी घालतो तो विषाणू! पण ‘टोपी’ मुळात आपली नाही, पोर्तुगिजांकडून आली. ‘टोपीकर’ कुणाला म्हणायचे ते आठवा.

खलबत्ता
टोपीकर म्हणजे टोपी घालणारे. त्यांनी शब्द आणला असं त्यातून कुठे निघतं? जिरेटोपातला ‘टोप’ काय गोव्याहून आला? आमच्याकडे भातही टोपातच शिजतो.

ओवी
‘टोपणावर मिथिल चढवणारं’ पटलं, तेच ठेवते. पण अजून एक अडलंय. ‘हे जनुक विकराचे संकेतन करते’ हे वाक्य मला वाचवत नाही. संकेत म्हटलं की मला खूण आठवते, नाहीतर भेटीची ठरलेली वेळ. ‘या जनुकात विकराची कृती लिहिलेली असते’ चालेल?

जुनी पाटी
कृती लाडवांची असते. संकेतनच ठेवा. ‘संकेतस्थळ’ म्हणजे एके काळी प्रेमिकांनी भेटायची जागा, आज त्याच शब्दाने वेबसाइट कळते. शब्द वापरून रुळतो.

पेशीवाला
याच न्यायाने एन्झाइमही रुळलंय, गुरुजी.

जुनी पाटी
रुळलं नाही, आपण रुळू दिलं. फरक आहे.

खलबत्ता
रानवारा, तुमच्याकडे मुसळाच्या टोकाच्या लोखंडी कड्यालाही शेंबीच म्हणतात का? आमची आजी त्याला ‘वसू’ म्हणायची.

रानवारा
नाही, शेंबी फक्त काठीची. मुसळाच्या कड्याला काय म्हणायचे ते आईला विचारून सांगतो. वसू म्हणजे ऱ्हस्व सु की दीर्घ?