इथेनॉलचा पैसा उसाच्या दरात कुठे दिसतो?

वेदगंगाकाठ (निपाणी परिसर):

सर्व सभासदांस नमस्कार. आमच्याकडे दोन एकर ऊस आहे, लागण को ८६०३२ या जातीची. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगाव जिल्ह्याच्या मूडलगी तालुक्यातील गुर्लापूर येथे शेतकऱ्यांनी रस्त्यावर ठाण मांडले होते. टनाला ३५०० रुपये ही त्यांची मागणी होती आणि अखेरीस कर्नाटक सरकारने ११.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) ३३०० रुपयांचा तोडगा काढला. तेव्हापासून आमच्या गावच्या कट्ट्यावर एकच वाद चालू आहे. केंद्राने २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा कायदेशीर किमान दर, क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३५५० ठरवलेली असताना त्याहून अडीचशे रुपये कमी घेऊन आंदोलन मागे कसे घेतले गेले, हे माझ्यासह अनेकांना उमगलेले नाही.

याच्याशीच जोडलेला दुसरा प्रश्न इथेनॉलचा आहे. आमचा ऊस ज्या कारखान्याला जातो त्याने काही वर्षांपूर्वी आसवनी (मळी किंवा रसापासून इथेनॉल बनवणारा विभाग) उभारली, तेल कंपन्यांना इथेनॉल देऊ लागला, परंतु आमच्या बिलावर त्याची एक ओळही कधी दिसली नाही. उलट पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यापासून माझ्या २०१७ सालच्या दुचाकीचे ॲव्हरेज ५० वरून ४२ वर आले आहे. ऊस आमचा, त्याचे पेट्रोल आम्हीच विकत घ्यायचे आणि तोटाही आम्हीच सोसायचा, असे असेल तर या धोरणातून शेतकऱ्याच्या पदरात नेमके काय पडते? हिशेबाची जाण असणाऱ्यांनी सविस्तर लिहावे, राजकीय पक्षांची उणीदुणी कृपया नकोत.

चिकोडीचा निवृत्त केमिस्ट:

मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. ३५५० आणि ३३०० हे दोन आकडे एका तराजूत तोलता येत नाहीत. एफआरपी तोडणी-वाहतुकीसह असते. कारखान्याने टोळी पाठवून ऊस तोडला आणि वाहून नेला की तो खर्च त्यातूनच कापला जातो. गुर्लापूरचे ३३०० मात्र तोडणी-वाहतूक वगळून हातात पडायचे आहेत. शिवाय ३५५० हा दर १०.२५ टक्के उताऱ्याचा असून पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३.४६ रुपये वाढतात. म्हणजे ११.२५ टक्क्यांना टनाची एफआरपी ३८९६ रुपये होते. त्यातून तोडणी-वाहतुकीचे, समजा, आठशे रुपये वजा केले तर ३०९६ उरतात. तेव्हा शेतकरी कायद्याच्या दरापेक्षा दोनशेच्या आसपास वरच गेले आहेत, खाली नव्हे. आपल्या गटाला तोडणी-वाहतूक किती लागते यावर हा फरक कमी-जास्त होईल.

खरी मेख उताऱ्याच्या पायात, म्हणजे ज्या उताऱ्याला मूळ दर लागू होतो त्यात आहे आणि तिच्याकडे कट्ट्यावर फारसे कुणाचे लक्ष जात नाही. २०१७-१८ मध्ये क्विंटलला २५५ रुपयांचा दर ९.५ टक्के उताऱ्याला होता. २०१८-१९ मध्ये तो २७५ झाला, पण पाया १० टक्क्यांवर नेला. २०२२-२३ मध्ये ३०५ झाला तेव्हा पाया १०.२५ वर गेला. दर वाढल्याच्या बातम्या मोठ्या अक्षरांत येतात. मात्र पाया सरकल्याने त्या वाढीतला काही भाग वाढ झाली त्याच दिवशी परत गेलेला असतो.

आता इथेनॉल. एफआरपी ही साखरेच्या उताऱ्यावर बांधलेली आहे, कारखान्याच्या एकूण उत्पन्नावर नाही. उत्पन्नात वाटा देण्याची कल्पना २०१२ च्या रंगराजन समितीने मांडली. साखर आणि बगॅस (चोयट्या), मळी (साखर काढल्यावर उरणारा पाक), प्रेसमड (रस गाळल्यावरचा गाळ) या प्राथमिक उपपदार्थांच्या उत्पन्नातील ७० टक्के, किंवा केवळ साखरेच्या उत्पन्नातील ७५ टक्के रक्कम शेतकऱ्याला मिळावी, असे ते सूत्र आहे. त्यातला ‘प्राथमिक’ हा शब्द नीट वाचावा. हिशेबात मळीची किंमत धरली जाते, त्या मळीपासून बनलेल्या इथेनॉलची नाही. मळी आसवनीच्या दारात शिरली की पुढचे मूल्य कारखान्याचे. आपल्या बिलावर ती ओळ का नाही, याचे उत्तर एवढेच आहे.

कारखान्याची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी अर्धेच बोलल्यासारखे होईल. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाली, त्या हंगामात एफआरपी २७५ होती. २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी ३५५ वर गेली तेव्हाही किमान किंमत जिथल्या तिथे होती. बाजारात साखर त्याहून महाग विकली जाते हे खरे, पण किमान किंमत न वाढल्याने बँका कर्ज देताना सावध राहतात. उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलचा दर २०२२-२३ मध्ये लिटरला ६५.६१ रुपये आणि बी-हेवी मळीपासूनच्या (जिच्यात काही साखर तशीच सोडलेली असते) इथेनॉलचा ६०.७३ रुपये ठरला, तो २०२५-२६ पर्यंत हलला नव्हता. त्याच काळात एफआरपी मात्र टनाला पाचशे रुपयांनी वाढली. त्यातच डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने रसापासून इथेनॉल बनवण्यावर केंद्राने अचानक बंधन घातले, ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठवले. ज्यांनी कर्ज काढून आसवन्या मोठ्या केल्या होत्या, त्यांचा तो हंगाम हातचा गेला.

टिळकवाडीचा भौतिकशास्त्र शिक्षक:

ॲव्हरेजबाबत एक साधा हिशेब मांडतो. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलच्या लिटरमध्ये सुमारे २१. म्हणून २० टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे सात टक्के ऊर्जा कमी भरते. परंतु आपण शुद्ध पेट्रोलवरून थेट इथे आलेलो नाही. जून २०२२ मध्येच देशाने सरासरी १० टक्के मिश्रण गाठले होते. दहावरून वीसवर येताना घट साडेतीन टक्क्यांच्या आसपास होते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही दुचाकीसाठी तीन ते चार टक्केच घट धरली होती. ५० चे ॲव्हरेज त्या हिशेबाने ४८ वर यायला हवे. आपण १६ टक्के घट सांगता आहात, तिचा सगळा दोष इथेनॉलच्या माथी मारता येणार नाही. एअर फिल्टर, चेन, टायरची हवा आणि कार्ब्युरेटर एकदा तपासून घ्या.

जुन्या गाड्यांची तक्रार मात्र पूर्णपणे खोटी नाही. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्या व वायसरना ते मानवत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात महिनाभर उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीवर ठेवू नये, हे मी स्वतः अनुभवाने शिकलो. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा (इंजिनात इंधन अवेळी पेटू न देण्याचा गुण) चांगला असतो, पण त्याचा लाभ त्यासाठी बनवलेल्या इंजिनालाच मिळतो. २०१७ च्या गाडीला तो मिळणार नाही.

वेदगंगाकाठ:

दोघांचेही आभार. एफआरपी ढोबळ आणि तोडग्याचा दर निव्वळ, ही गोष्ट इतक्या वर्षांत मला कुणी अशी फोड करून सांगितली नव्हती. आमचे पाहुणे महाराष्ट्रातील कागल तालुक्यात आहेत. तेही दर सांगताना कधी तोडणीसह, कधी तोडणी वगळून सांगतात, म्हणून हद्दीच्या पलीकडचा ऊस आम्हाला नेहमी गोड वाटतो. केमिस्टसाहेबांना एक उपप्रश्न: कारखाना बी-हेवी मळीकडे वळला तर साखर कमी निघते, मग उतारा घटून आमचा दरही घटत नाही का?

चिकोडीचा निवृत्त केमिस्ट:

अगदी नेमका प्रश्न विचारलात. बी-हेवीमध्ये साखरेचा शेवटचा टप्पा न काढता ती मळीतच सोडून देतात, त्यामुळे गोदामात पोहोचणारी पोती कमी होतात आणि कागदावरचा उतारा घसरतो. म्हणून इथेनॉलकडे वळवलेली साखर उताऱ्यात पुन्हा मिळवूनच एफआरपी काढली पाहिजे. ती मिळवली आहे की नाही हे बिलावरून कळत नाही. कारखान्याकडे लेखी अर्ज देऊन दोन आकडे मागा: प्रत्यक्ष उतारा आणि वळवलेल्या साखरेसह उतारा. त्यांतील फरक प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे याप्रमाणे मोजा. अर्ज एकट्याने देऊ नका, गटातील वीस-पंचवीस जणांच्या सह्या असल्या की शेती अधिकारी खुर्ची पुढे करतो.

अथणी रोड:

येथे एक गोष्ट राहून गेली, म्हणून लिहितो. ‘इथेनॉल म्हणजे ऊस’ हे समीकरण आता जुने झाले आहे. २०२५-२६ च्या पुरवठा वर्षासाठी तेल कंपन्यांनी सुमारे १०५० कोटी लिटरचे वाटप केले, त्यात उसाचा वाटा २८ टक्क्यांच्या जवळपास असून सर्वांत मोठा वाटा मक्याचा होता. त्या वर्षी मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१.८६ रुपये दर होता, रसाच्या इथेनॉलपेक्षा सहा रुपयांहून अधिक. आमच्याकडे माळावर मका करणाऱ्यांना मात्र सुगीच्या दिवसांत हमीभावाला गिऱ्हाईक मिळत नाही. उसाला निदान एफआरपी आणि १४ दिवसांत पैसे देण्याचा १९६६ चा नियंत्रण आदेश आहे, मुदत चुकली तर १५ टक्के व्याजही आहे. मक्याला असे कसलेच कवच नाही.

वेदगंगाकाठ:

व्याजाची तरतूद ठाऊक होती, ते मिळालेला माणूस मात्र अजून पाहिलेला नाही. आमच्या गटातील सतरा जणांच्या सह्या आज संध्याकाळपर्यंत झाल्या आहेत. अर्ज कन्नडमध्ये आणि मराठीत, दोन्ही भाषांत लिहिला आहे, म्हणजे भाषेच्या कारणाने तो परत येणार नाही. उताऱ्याचे आकडे मिळाले की याच धाग्यावर देतो.